कांदोळीचा पाद्री आणि आजीची नागीण

तर ऐका. तुम्ही परवा गोव्यात जिथं समुद्रात डुंबून आलात ना, त्या कांदोळी गावात १७५६ साली एक मुलगा जन्मला. नाव जोझे कुस्तोदियो दे फारिया. घरात काही सुख नव्हतं. आईवडिलांचं पटेना, दोघं वेगळे झाले. आई नन झाली, वडील पाद्री झाले. मुलगा पंधरा वर्षांचा झाला तेव्हा बापानं त्याला जहाजात घातलं आणि दोघं लिस्बनला गेले. पुढं रोममध्ये शिकून पोरगाही पाद्री झाला.

"आजोबा, तुम्ही आजीच्या नागिणीची गोष्ट सांगणार होतात," मुक्ता म्हणाली.

अगं, तीच सांगतोय. जरा लांबून सुरुवात केली एवढंच.

तर या जोझेबद्दल गोव्यात एक दंतकथा आहे. पोर्तुगालच्या राणीसमोर त्याला प्रवचन द्यायचं होतं. पायऱ्या चढून वर गेला, समोर पाहिलं तर राणी, सरदार, जरीचे कपडे, दागिने. तोंडाला कोरड पडली, शब्द फुटेना. खाली बसलेल्या बापानं हे ओळखलं आणि हळूच कोकणीत म्हणाला, "ही सगळी भाजी. कातर रे भाजी!" समोरचे सगळे सरदार म्हणजे पालेभाजी, चिरून काढ! बस्स. पोराची भीती पळाली आणि तो खाडखाड बोलत सुटला. खरं-खोटं देव जाणे. पण पुढं त्या माणसाला एका गोष्टीचं कुतूहल राहिलं, की नुसत्या शब्दांनी शरीर असं कसं बदलतं?

त्या काळी पॅरिसमध्ये एक खूळ माजलं होतं. व्हिएन्नाहून आलेला मेस्मर नावाचा डॉक्टर म्हणायचा, सगळ्या विश्वात एक अदृश्य चुंबकद्रव वाहतो, तो मी रोग्याच्या अंगात सोडतो. एका लाकडी टबाभोवती माणसं बसायची, टबातून बाहेर आलेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या जागेला लावायची, आणि मग कुणी थरथरायचं, कुणी किंचाळायचं, कुणी बेशुद्ध पडायचं. गर्दी एवढी झाली की १७८४ साली राजानं चौकशी समिती नेमली. समितीत कोण? वीज आणि पतंगवाला बेंजामिन फ्रँकलिन, ऑक्सिजनवाला लव्हाझिए. बडी माणसं!

त्यांनी केलेला प्रयोग मला फार आवडतो. फ्रँकलिनच्या बागेत मेस्मरच्या शिष्यानं एका जर्दाळूच्या झाडात म्हणे चुंबकद्रव भरला. मग बारा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याला बागेत आणलं आणि एकेका झाडाला मिठी मारायला लावली. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला, खोकला आला. दुसऱ्यापाशी डोकं दुखायला लागलं. तिसऱ्यापाशी आणखी वाढलं. चौथ्या झाडाखाली तर तो चक्क बेशुद्ध पडला.

"म्हणजे चौथं झाड जादूचं होतं!" ओंकार उठून उभाच राहिला.

नव्हतं ना! जादूचं झाड तिकडंच राहिलं, पोरगा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. समितीनं निकाल दिला की चुंबकद्रव वगैरे काही नाही, हा सगळा कल्पनेचा खेळ. निकाल अगदी बरोबर होता. पण तेवढ्यावर त्यांनी विषय बासनात गुंडाळला, हे काही मला पटत नाही. अहो, धडधाकट पोरगा नुसत्या कल्पनेनं घामाघूम होऊन कोसळतो, हे त्या द्रवापेक्षा मोठं आश्चर्य नव्हे का? इतक्या हुशार माणसांतल्या कुणालाही पुढं विचारावंसं वाटलं नाही, की कल्पना हे करते तरी कशी?

तो प्रश्न उचलला आपल्या कांदोळीच्या पाद्रीबाबानं. १८१३ साली पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर त्यानं आपले प्रयोग सुरू केले. प्रवेश फी पाच फ्रँक. टब नाही, कांबी नाहीत, काही नाही. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, मन एके ठिकाणी आणायला लावायचं आणि मग खड्या आवाजात म्हणायचं, "झोपा!" काही जण लगेच झोपेसारख्या अवस्थेत जात, काहींना दोन-तीनदा सांगावं लागे, काहींवर परिणामच होत नसे. आणि हा भला माणूस सगळ्यांना सांगायचा की माझ्या अंगात कसलीही शक्ती नाही. जे घडतं ते खुर्चीत बसलेल्याच्या मनात घडतं.

आता बघा, जादूगारच म्हणाला की मी जादूगार नाही, तर पाच फ्रँक कोण देणार? चुंबकवाले त्याच्यावर चिडले, धर्मवाले तर आधीच चिडले होते. १८१६ साली त्याची टर उडवणारं नाटक रंगमंचावर आलं आणि लोक त्याच्याकडे यायचे बंद झाले. १८१९ साली त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो गरिबीत वारला. पुढं अलेक्झांडर द्यूमा या कादंबरीकारानं आपल्या गोष्टीतल्या तुरुंगातल्या म्हाताऱ्या कैद्याला त्याचं नाव दिलं, आणि जगाला तो खोटा फारियाच जास्त ठाऊक झाला. पणजीला मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ साली घडवलेला. तुम्ही पाहिलात तोच. ओंक्या, तू विचारत होतास ना, हा माणूस समोरच्या बाईला ढकलतोय का म्हणून? ढकलत नाहीये, तिला संमोहित करतोय.

आता बंगालमध्ये चला. कलकत्त्याजवळ हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन कंपनी सरकारच्या नोकरीत होता. तेव्हा भूल नव्हती. पाय कापायचा तर चार जणांनी रोग्याला दाबून धरायचं आणि सर्जननं घाई करायची. ४ एप्रिल १८४५ रोजी एस्डेलसमोर एक कैदी आला. त्याला अंडवृद्धीचा आजार होता आणि उपचाराच्या वेदनेनं तो तळमळत होता. एस्डेलनं मेस्मरच्या पद्धतीबद्दल फक्त वाचलं होतं, कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, करून बघू. कैद्याच्या चेहऱ्यावरून, पोटावरून, अंगाला न लावता हात फिरवत बसला. बराच वेळ गेल्यावर कैदी असा काही गाढ झाला की टाचणी टोचली तरी हलेना.

मग एस्डेलनं झपाटाच लावला. बंगालात तेव्हा हत्तीरोग फार. माणसांना मणामणाच्या गाठी झालेल्या असत, त्या घेऊन जगायचं कसं आणि कापायच्या कशा? एस्डेल त्या गाठी कापायला लागला, आणि रोगी उठून विचारायचे की झालं का? स्वतः हात फिरवून तो दमला, तेव्हा त्यानं दवाखान्यातले देशी मदतनीस तयार केले. अंधाऱ्या खोलीत एकेका रोग्याशेजारी एकेक जण तासन् तास बसून हात फिरवायचा. या मदतनिसांची नावं कुणाला आठवतात? खरं काम त्यांचंच. त्यांनी कंटाळा केला असता तर साहेबाचा चाकू चाललाच नसता.

१८४६ साली सरकारनं यावरही समिती बसवली. समितीला एक मजेदार गोष्ट दिसली. काही रोगी चाकू चालत असताना अंग वळवत होते, चेहरे वेडेवाकडे करत होते, आणि जागे झाल्यावर मात्र "काहीच कळलं नाही" म्हणत होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. कलकत्त्यात एस्डेलला वेगळं रुग्णालयही मिळालं, पण त्याच सुमारास अमेरिकेत बोस्टनला ईथरची भूल निघाली आणि पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म आला. रुमालावर थेंब टाकले की मिनिटांत काम होतं म्हटल्यावर तासभर हात फिरवत कोण बसतो? ईथर सगळ्यांवर चालतं, संमोहन सगळ्यांवर चालत नाही. सर्जन लोकांनी ईथर घेतलं ते योग्यच केलं.

आता आलो तुमच्या आजीपाशी.

आजीला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू कुठंच जात नाही. पाठीच्या कण्यालगत मज्जातंतूंच्या गाठी असतात, त्यांत तो पन्नास-साठ वर्षं निजून राहतो. शरीर थकलं, प्रतिकार कमी झाला की जागा होतो आणि एकाच मज्जातंतूवरून सरपटत कातडीपर्यंत येतो. म्हणून नागिणीचा पट्टा अंगाच्या एकाच बाजूला उठतो. आजीला डाव्या बरगडीवर उठला. तीन आठवड्यांत फोड सुकले, खपल्या पडल्या. दुखणं मात्र राहिलं. सहा महिने झाले तरी तिला त्या बाजूला पदर लागलेला खपायचा नाही. सुती पातळ, धुऊन मऊ झालेलं, तेसुद्धा निखाऱ्यासारखं लागायचं म्हणायची. तुम्ही मिठी मारायला धावलात की ती उजवी बाजू पुढं करायची, आठवतं?

"पण जखम बरी झाली होती ना?" मुक्ता म्हणाली. "मग दुखत काय होतं?"

शाब्बास. इथंच तर गंमत आहे. आपल्याला वाटतं, बोट कापलं की दुखणं बोटात असतं आणि तारेवरून मेंदूत पोचतं. तसं नाही. बोटातून फक्त वर्दी जाते. दुखणं मेंदू तयार करतो. वर्दी किती महत्त्वाची, भीती किती बाळगायची, लक्ष किती द्यायचं, हे ठरवून तयार करतो. ही राखण आहे, राखणीच्या कुत्र्यासारखी. चोर आला की भुंकणं हे त्याचं काम. पण कधीकधी कुत्रा इतका बिथरतो की चोर गेल्यावरही पान हललं तरी भुंकतो. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यात बरेचदा हेच होतं. मज्जारज्जूतल्या पेशी हलक्या स्पर्शालाही ओरडायला शिकतात. आजीचं दुखणं खोटं नव्हतं हं! कुत्रा खरंच भुंकत होता.

पण वर्दी जशी खालून वर जाते, तशी आज्ञा वरून खालीही येते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मज्जारज्जूत एक फाटक आहे, आणि ते कमी-जास्त उघडण्यात मेंदूचाही हात असतो. चार वर्षांनी एका शास्त्रज्ञानं उंदराच्या मेंदूच्या मधल्या भागात बारीक तार घालून वीज सोडली आणि भूल न देता त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. म्हणजे दुखणं थांबवायची यंत्रणा निसर्गानं आपल्यात आधीच बसवून ठेवली आहे. प्रश्न एवढाच की तार न घालता तिथं पोचायचं कसं?

१९९७ साली कॅनडात मॉन्ट्रियलला रेनव्हिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. माणसांना संमोहित करून त्यांचा हात ४७ अंश तापलेल्या पाण्यात घालायला लावला. एकदा सुचवलं की हे फार त्रासदायक वाटेल, एकदा सुचवलं की याचा त्रास कमी वाटेल. पाणी तेच, ताप तोच. आणि मेंदूची चित्रं घेतली. कातडीची संवेदना नोंदवणारा भाग दोन्ही वेळी जवळपास सारखाच होता. बदल झाला तो मेंदूच्या आतल्या, मधल्या घडीजवळच्या भागात, जिथं त्या संवेदनेचा छळ ठरतो. पुढं त्यांनी शब्द बदलले. "त्रास कमी होईल" ऐवजी "जळजळच कमी होईल" असं सुचवलं, तेव्हा संवेदनेच्या भागातही फरक पडला. हुगळीच्या रोग्यांचे चेहरे आठवा आता. शरीर वळवळत होतं, माणूस म्हणत होता की मला काही नाही. दुखणं आणि दुखण्याचा छळ या दोन गोष्टी आहेत, आणि शब्द कुठले वापरता यावर त्यातली कुठली हलते ते ठरतं.

"म्हणजे खोटी गोळी देतात तसंच ना?" मुक्ताचा मुद्दा.

मलाही तसंच वाटायचं. पण बघ, शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्यं बनवतं, आणि ती अडवणारं नॅलोक्सोन नावाचं औषध आहे. खोट्या गोळीनं वाटणारा आराम त्या औषधानं बराचसा ओसरतो असं दिसलं. स्टॅनफर्डला १९७५ साली तेच औषध संमोहित माणसांना दिलं, तर त्यांचा आराम तसाच राहिला. म्हणजे वाट वेगळी असावी.

त्याच स्टॅनफर्डला वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड यांनी १९५९ साली एक मोजपट्टी बनवली, कोण किती संमोहित होतो ते बघायची. आपणही बघू या. मिटा डोळे दोघांनी. सावकाश श्वास घ्या. आता खोलीत एक डास आलाय. बारीक आवाज येतोय त्याचा, जवळ येतोय… उजव्या हातावर बसला… खाज सुटतेय…

मुक्तानं कराकरा हात खाजवला. ओंकारनं डोळे उघडले. "आजोबा, कुठाय डास?"

बघा, एकाच आईची दोन लेकरं! हे शहाणपणाचं किंवा भोळेपणाचं लक्षण नाही बरं का. काही थोडी माणसं संमोहनात फार चटकन जातात, काही थोडी अजिबात जात नाहीत, बाकी सगळी अधेमधे. २०१९ साली ८५ प्रयोगांचा, ३६३२ माणसांचा एकत्र हिशेब मांडला गेला. चटकन जाणाऱ्यांचं दुखणं सरासरी ४२ टक्क्यांनी कमी झालं होतं, अधल्यामधल्यांचं २९ टक्क्यांनी. मात्र ती प्रयोगशाळेत मुद्दाम दिलेली वेदना होती, बर्फाच्या पाण्याची, चटक्याची. वर्षानुवर्षांचं दुखणं एवढं आज्ञाधारक नसतं. तरी मँचेस्टरला व्हॉरवेल नावाचे डॉक्टर १९८४ पासून पोटाच्या जुनाट दुखण्यावर हे वापरत आले, आणि बेल्जियममध्ये लिएज शहरात १९९२ पासून थोडं गुंगीचं औषध, जागेपुरती भूल आणि संमोहन एवढ्यावर गळ्यातल्या थायरॉइडच्या शस्त्रक्रिया होत आल्या आहेत.

तुमच्या आजीनं काय केलं? मानसोपचाराच्या बाईंकडे गेली. मी सोबत होतो. मला वाटलं होतं, लोलक फिरवतील, डोळे वटारतील. तसलं काही नाही. बाईंनी आधी फाइल वाचली, गोळ्या विचारल्या, मग म्हणाल्या, "तुम्हाला कुठं शांत वाटतं?" आजी म्हणाली, "गुहागरला, माहेरच्या विहिरीवर." मग डोळे मिटून श्वासावर लक्ष, खांदे सैल, पाय सैल, आणि पायरीपायरीनं त्या विहिरीत उतरायचं. शेवाळाचा वास, वरून पोफळीची सावली, गार पाणी घोट्याला, गुडघ्याला, आणि मग बरगडीला. "पाणी लागेल तिथं आग निवत जाईल." शेवटी अंगठा आणि तर्जनी जुळवायची. पुढं नुसती बोटं जुळवली तरी विहीर आठवावी, म्हणून ही खूण. हे सगळं बाईंनी मोबाइलवर भरून दिलं. घरी रोज करायचं, झोप आली तरी चालेल.

पहिले दोन आठवडे ती वैतागली. "विहिरीत डोकावतेय तर तुमचा कुकर शिट्ट्या मारतो," म्हणायची. मग हळूहळू रात्रीची झोप लागायला लागली. दुखणं गेलं नाही. रात्रीची गोळी अजून चालू आहे, पण वाढवत न्यावी लागली नाही. विचारलंत तर सांगेल, "आहे, पण शेजारच्या खोलीत आहे." आता डाव्या बाजूनंही मिठी मारू देते, हे तुमच्या लक्षात आलं नसेल.

स्टेजवर माणसांना कोंबडा करून आरवायला लावणाऱ्यांकडे मात्र जायचं नाही. एका बैठकीत दुखणं मुळासकट काढतो म्हणणाऱ्याकडे तर नाहीच. भास होण्याचा आजार असलेल्यानं मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय या फंदात पडू नये. आणि दुखण्याचं कारण आधी शोधायचं. ओंक्या, गेल्या वर्षी तुझं अपेंडिक्स सुजलं होतं, तेव्हा तुला विहिरीत उतरवत बसलो असतो तर काय झालं असतं?

"फुटलं असतं," ओंकार अभिमानानं म्हणाला.

बरोब्बर. पण सुई टोचायची असेल तर गोष्ट वेगळी. आठ ते बारा वर्षांची मुलं यात मोठ्यांपेक्षा तरबेज असतात. डास नाही दिसला म्हणून काय झालं, डास तुझ्या आवडीचा नसेल. सोमवारी तुला टायफॉइडची लस आहे ना? सांग, कुठं जाऊन बसायचं आपण?

"वानखेडेवर. पण बसायचं नाही, मी बॅटिंग करणार."

चालेल. सुई टोचतील तेव्हा तू किती धावांवर असशील?

"नव्याण्णव!"

नको रे. नव्याण्णववर तू हात हलवल्याशिवाय राहायचा नाहीस. चाळीसवर ठेवू.